ओढली की घट्ट होणारी गाठ

फुई, तुझी बाटली माझ्याकडे आहे. निळ्या झाकणाची, एक लिटरची, चार वर्षांपूर्वी मीच आणून दिलेली. तुझं तेरावं झाल्यावर आबा आणि मी सुरतेजवळच्या चलथाणची तुझी खोली आवरली. पेटी, भांडी, शिलाई मशीन, सगळं आबांनी बहिणीची आठवण म्हणून गावी नेलं. मी फक्त बाटली मागितली. आबांना वाटलं, पोर हळवी झाली. हळवी वगैरे काही नाही. या बाटलीवरून आपण चार वर्षं भांडलो आणि त्या भांडणात मी जिंकले असं समजत होते. गेल्या पंधरवड्यात कळलं की मी हरले होते आणि तू मला ते कळू दिलं नव्हतंस.

आत्या म्हटलेलं तुला कधी खपलं नाही. "आत्या पुस्तकमा ऱ्हास. मी फुई शे," म्हणायचीस. गुजराती शेजारणींच्यातही फईच, त्यामुळे अख्खी चाळ तुला फुई म्हणायची. आबांचे साहेब एकदा घरी आले, तर तेही जाताना "चलो फुई" म्हणून गेले.

मी लहान असताना घरात आपण चौघं होतो. आबा साखर कारखान्यात, माय घरी, मी शाळेत, आणि तू कडोदऱ्याला सूत पिळायच्या खात्यात. इकडे कारखान्याला खातंच म्हणतात, ते मला कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना समजावून सांगावं लागलं. ऊस गाळायला लागले की आपल्या चाळीत मळीचा वास भरायचा, कपड्यांना, पांघरुणांना, माझ्या दप्तरालासुद्धा. तू संध्याकाळी यायचीस ती डोक्यावर सुताचा पांढरा भुगा घेऊन. दारातच डोकं झटकायचीस आणि मग कळशीजवळ बसून तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचीस. एका दमात. मग दुसरा तांब्या. मी लहानपणी ते मोजायचे. मला वाटायचं, काय ही तहान. रोज बघत होते, फुई, आणि त्यातून काही शिकले नाही.

तुटलेलं सूत जोडायचं हे तुझं काम. दोन टोकं, अंगठा, बोट, एक वेढा, संपलं. तुझा हात बघता बघता गाठ बसलेली असायची आणि ती इतकी बारीक की कापडात शोधून सापडायची नाही. चौथीत असताना तू माझ्या वेणीची रिबीन त्याच गाठीने बांधलीस, कबड्डीत सुटू नये म्हणून. सुटली नाहीच. घरी येऊन मी ओढओढ ओढली, रडले, कात्री आणायला उठले. तू माझा हात धरून खाली बसवलंस.

"वढू नको. जितकी वढशी तितकी घट्ट व्हस. दोन्ही बाजूथीन आत लोट. ढील दे तिले."

मी दोन्ही टोकं आत लोटली आणि गाठ आपसूक सैल झाली. केवढी जादू वाटली होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा घरात त्या शब्दाचा उच्चार करणारी मी एकटी. आबा लोकांना "पोर डॉक्टरीसारखं शिकते" सांगायचे. तू मात्र आमच्या कॉलेजचं प्रदर्शन बघायला सुरतेला आलीस, खात्यातून खाडा करून, नवीन साडी नेसून. मी टेबलामागे पांढरा कोट घालून उभी. काचपट्टीवर दोन थेंब मिसळून दाखवत होते, एक जंतूंचा, एक यीस्टचा, म्हणजे पावात घालतात त्या किण्वाचा. दोन्ही एकत्र आले की थेंबात दाणे दाणे धरायचे, दूध फाटल्यासारखे. आणि साखरेच्या पाण्यात कालवून तोच प्रयोग केला की काही फाटायचं नाही.

तू वाकून बघितलंस. मास्तरीण बाई शेजारी उभ्या असताना मला विचारलंस, "काय व्हयनं हाई?"

मी सांगितलं. या जंतूच्या अंगावर बारीक केसांसारखे धागे असतात. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक प्रोटीन. त्या प्रोटीनला खोबण असते आणि ती खोबण एकाच जातीच्या साखरेला धरते. यीस्टच्या अंगावर ती साखर आहे. आपल्या मूत्राशयाच्या आतल्या पेशींवरही आहे. म्हणून हा जंतू तिथे जाऊन चिकटतो आणि लघवीला जळजळ होते. पण तीच साखर पाण्यात सुटी असली, तर त्याचे सगळे धागे तिलाच धरून बसतात आणि पेशीला धरायला हात रिकामा उरत नाही.

तुला उन्हाळी लागायची, वर्षातून तीन-चारदा. धने-जिऱ्याचं पाणी प्यायचीस, पोटाशी पाय घेऊन पडायचीस आणि सकाळी खात्यात जायचीस. तुला माझ्या व्याख्यानातून हवं ते मिळालं. साखर. चलथाणच्या माणसाला साखर म्हटली की ती एकच, आबा आणतात ती. पंधरा दिवस तू सकाळ-संध्याकाळ तांब्याभर साखरपाणी प्यालीस, कोणाला न सांगता. मायला डबा रिकामा दिसला तेव्हा ती मुंग्यांवर संशय घेत होती. शेवटी तूच मला म्हणालीस, "तुनी परीक्षा नापास, उज्जू. जळजळ तशीच शे."

मी इतकी हसले की मला बोलता येईना. मग सांगितलं, ती साखर वेगळी, ही पोटातच फुटते, तिथवर पोचतच नाही. तू रागावलीस. "मंग तठेच सांगाले काय व्हतं?" बरोबर होतं तुझं. कोणती साखर ते मी सांगितलंच नव्हतं. पुस्तकातलं सगळं सांगितलं आणि तुझ्या उपयोगाचं तेवढं ठेवून दिलं. ती माझी पहिली चूक होती. दुसरी त्याहून मोठी, तिच्याकडे येतेच.

पुढे मी सुरतेच्या एका लॅबमध्ये लागले. लग्न झालं, घर झालं, आबा आणि माय निवृत्तीनंतर गावी गेले. तू चलथाण सोडलं नाहीस. दर रविवारी मी यायची. तू ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करायचीस, वर लसणाची चटणी, आणि मी खाताना तुला जंतूंच्या गोष्टी सांगायची. माझ्या नवऱ्याला त्या जेवताना चालत नाहीत. तुला चालायच्या. उलट तू खोदून विचारायचीस.

एका रविवारी मी सांगितलं की या जंतूची एक गंमत आहे. लघवीची धार त्याला ओढून बाहेर काढायला बघते. आपल्याला वाटतं, धार जोरात असली की तो सुटेल. पण त्या टोकाच्या प्रोटीनचे दोन भाग असतात, ओढ बसली की ते एकमेकांपासून लांबतात आणि खोबण आणखी आवळते. ओढलं की तो घट्ट धरतो. ओढ नसली की पकड सैल, मग इकडेतिकडे सरकत फिरतो.

तू भाकरी थापायची थांबलीस. पिठाच्या हातानेच पदराला चिकटलेल्या सुताचं टोक शोधलंस, गाठ मारून माझ्यापुढे ताणून धरलीस.

"मंग हाई मनी गाठ शे."

कॉलेजात आम्हाला ते कळायला दोन तास आणि चार आकृत्या लागल्या होत्या. पुढे मी लॅबमधल्या नव्या मुलींना तुझीच गाठ मारून ते शिकवलं, आणि तुझं नाव सांगून शिकवलं.

आपलं त्यावरून एक भांडण अर्धंच राहिलं. तू विचारलंस, "त्याले डोळा नही, हात नही. त्याले कसं कळस का आठे धराणं?" मी म्हटलं, त्याला काही कळत नाही. लाखो जंतू वाहत जातात, आपटतात, ज्याची खोबण जिथे बसली तिथे तो राहिला. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "मी बी तशीच चलथाणले चिकटनी." बाविसाव्या वर्षी सासर सुटलं, गावात कोणी नीट बोलेना, तेव्हा तू एक पेटी घेऊन भावाकडे आली होतीस. चार दिवसांसाठी. पुढचं म्हणालीस ते मला तेव्हा पटलं नाही. म्हणालीस, त्या जंतूला शिव्या कशाला देतेस, त्यालाही कुठेतरी राहायचं आहे, धरलं नाही तर वाहून जाईल बिचारा. मी चिडले. म्हटलं, फुई, तो शत्रू आहे, तो तुला आजारी पाडतो. "व्हई," म्हणालीस, "पन त्याना वाईट हेतू नही." मी म्हटलं हेतूचा प्रश्नच नाही. तू म्हणालीस, मग शत्रू कसा? मी खाली बघून भाकरी संपवली. दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हा मला खूप चांगलं उत्तर सुचलं होतं. तू शुद्धीवर नव्हतीस.

तर दुसरी चूक. तुझ्या लघवीचा नमुना लॅबमध्ये मी स्वतः तपासायला लावायची. दरवेळी प्लेटवर त्याच गुलाबी वसाहती, म्हणजे वाढलेल्या जंतूंचे ठिपके, तोच जंतू. गोळ्या संपल्या की महिन्या-दीड महिन्यात परत. मी तुला रागवायची. "पाणी पी. लघवी तुंबवून ठेवू नको. मूत्राशय रिकामं होत राहिलं की त्यांना वाढायला वेळ मिळत नाही. एवढं सोपं आहे." तू मान हलवायचीस. पुढच्या वेळी तेच. मला वाटायचं, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ही बाटली आणली. म्हटलं, ही रोज खात्यात न्यायची आणि संध्याकाळी रिकामी घरी आणायची, मी रविवारी विचारणार. आणि तू आणायचीस. मी अधल्यामधल्या दिवशीही अचानक टपकायची, तुला पकडायला. बाटली रिकामी.

"पिधं ना व माय. देख, थेंब नही."

मी खूश. तरीही उन्हाळी सुटेना, तेव्हा मी म्हटलं, तू आता काम सोड आणि माझ्याकडे राहायला ये. तू नाही म्हणालीस. मी दर रविवारी विचारलं. आबांना फोन करून त्यांच्याकडून बोलवून घेतलं. नवऱ्याला पाठवलं. जितकं ओढलं तितकी तू खोलीला धरून बसलीस. "तठे मी काय करू? सोफावर बठू?" शेवटी मी वैतागून म्हणाले, बस मग इथेच. त्यानंतर तीन रविवार मी आले नाही. कामं होती, हे खरं. पण रागही होता. लोकांना सांगायला कामं होती. तुला सांगते, राग होता.

तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी चाळीतून फोन आला. थंडी वाजून ताप, कमरेत कळ, चार दिवस अंगावर काढलेला. जंतू वर मूत्रपिंडांपर्यंत गेला होता आणि तिथून रक्तात. पुढचं मला लिहायचं नाही. एवढंच की रक्ताचा नमुना आमच्याच लॅबला आला आणि प्लेटवर त्याच गुलाबी वसाहती होत्या. मी त्यांना ओळखत होते.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी कांताबाई माझ्या घरी आल्या, पत्ता शोधत. तुझ्या खात्यातल्या. तू त्यांचं नाव घ्यायचीस, हिंगोलीकडच्या, तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या. हातात कढीपत्त्याची जुडी. म्हणाल्या, फुईच्या झाडाचा आहे. मी विचारलं, कोणतं झाड? तुझ्या खोलीपुढे तर तुळससुद्धा नव्हती.

"खात्याच्या दारात हाय की. छातीइतकं झालंय. त्याच पाणी घालायच्या, रोज, सुट्टी व्हायच्या टायमाला. ती निळी बाटली घिऊन."

मी त्यांना चहा देत होते. कप तसाच धरून उभी राहिले.

"फुई पाणी प्यायच्या ना पण? दुपारी?"

"कशाचं पाणी पितेत. आम्ही कुणीच पीत न्हाई बाई दिवसा. पिऊन जायचं कुठं?"

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही बायका दुसऱ्या मजल्यावर. संडास एकच, खाली, पुरुष लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात त्या खोलीतून पलीकडे जायचं, आणि त्याच्या दाराला कडी नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेर दार धरून उभं राहायचं. म्हणजे दोन मशीन बंद. म्हणून तुमचा नियम होता, दिवसातून एकदाच, दुपारच्या जेवणानंतर, आपापल्या जोडीने. आणि सकाळपासून घोटभर चहाशिवाय काही नाही. कांताबाई आणि तू एक जोडी होतात. किती वर्षं? तर कांताबाईंना ते नीट आठवेना, त्यांचा मुलगा तेव्हा बालवाडीत होता आणि आता त्याचं लग्न ठरलंय.

"आता माझी जोडी मोडली," त्या म्हणाल्या, अगदी साधेपणाने.

फुई, मी तुला धागे सांगितले, प्रोटीन सांगितलं, खोबण सांगितली. जंतू पेशीला कुठे आणि कसा धरतो ते मला त्याच्या आकारासकट ठाऊक होतं. तू पाणी का पीत नाहीस, हे एकदाही विचारलं नाही. नुसतं पी म्हटलं. आणि तू सांगितलं नाहीस, कारण पांढरा कोट घातलेल्या भाचीला दाराला कडी नाही हे कसं सांगायचं, असंच ना? की मी रविवारी रिकामी बाटली बघून खूश व्हायची, ती खुशी तुला मोडायची नव्हती? मला वाटतं, दोन्ही. संध्याकाळच्या त्या दोन तांब्यांचा अर्थ मला चाळीसाव्या वर्षी लागला. मला माफ कर. तू केलं असशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पण मला म्हणायचं होतं.

आता लॅबच्या खिडकीवर एखादी बाई नमुना घेऊन आली की मी वयाच्या आधी एक विचारते. कामाच्या जागी संडास आहे का? कडी लागते का? बायका आधी दचकतात. मग बोलायला लागतात, आणि मागची रांग थांबते.

गेल्या गुरुवारी मी रजा काढून तुझ्या खात्यात गेले. दारात तुझं झाड बघितलं. तकतकीत आहे, तू प्यायला हवं होतंस ते सगळं त्याला मिळालं. आत शेठ बसले होते, वयस्कर, चष्म्याला दोरी लावलेले. मी भांडायच्या तयारीने गेले होते, वाक्यं पाठ केली होती. कडीचं सांगितलं. ते खरंच गोंधळले.

"अरे बेन, मने कोईए कह्युं ज नथी ने."

मला कोणी सांगितलंच नाही. तेच माझंही उत्तर होतं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं का? ते म्हणाले, ना. मी पण नाही, म्हटलं. त्यांनी लगेच मिस्त्रीला हाक मारली. बायकांच्या मजल्यावर वेगळा संडास करायचंही बोलले. ते होईल तेव्हा खरं.

मिस्त्री, कांताबाई आणि मी खाली गेलो. लूमचा इतका आवाज की शेजारचं बोलणं ऐकू येईना. दाराला जुन्या कडीची दोन भोकं होती आणि त्यांतून ओवलेली सुताची जाड दोरी, बाहेर उभं राहणारीला धरायला. दोरीची दोन टोकं जोडलेली होती. कोणी जोडली ते मला सांगावं लागलं नाही.

नव्या कडीला तीच भोकं हवी होती म्हणून दोरी काढायची होती. मिस्त्रीने ओढून बघितली. रोज इतक्या जणींनी, इतकी वर्षं धरून ओढलेली गाठ, दगड झाली होती. त्याने खिशातून चाकू काढला. मी म्हटलं, थांबा.

मी दोरी हातात घेतली. ओढली नाही. दोन्ही बाजूंनी टोकं आत लोटत राहिले, नखं दुखेपर्यंत. मिस्त्री घड्याळ बघत होता. फुई, मी तुला चार वर्षं ओढत होते. एकदा तरी तुझ्याकडे सरकून बसायला हवं होतं.

गाठ हलली. मग सैल झाली आणि दोरी माझ्या हातात आली. तिला तू जिथे वेढा दिला होतास तिथे अजून वाक आहे. आता ती बाटलीच्या गळ्यात बांधली आहे, साध्या गाठीने. तुझी मला येत नाही.

कडी बसवायला मिस्त्रीला दहा मिनिटं लागली. त्याने एकदा लावून, काढून बघितली आणि गेला. मी बाटली भरून आणली होती, ती कांताबाईंपुढे केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बाटली तोंडाला लावली आणि उभ्या उभ्या अर्धी संपवली. तोंड पुसलं आणि आत गेल्या. मी दार धरायला हात पुढे केला, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.